ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेण्याआधी

अमेरिकेत मुलं आल्जिब्रा टूला पोचली की शाळेच्या यादीत ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे आलेख काढून दाखवणारा कॅल्क्युलेटर, येतो, आणि नव्या आईबाबांचं वाक्य ठरलेलं: "एवढे डॉलर? आम्ही बारावी लॉगच्या पुस्तिकेवर काढली!" काढली, मान्य. मंडळाच्या गणपतीत हे ऐकवणारे एक काका दर वर्षी भेटतात. पण एपी कॅल्क्युलसच्या (शाळेतच घेता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या कोर्सच्या) पेपरात एक भाग कॅल्क्युलेटरशिवाय आणि एक भाग कॅल्क्युलेटर घेऊन सोडवायचा असतो. त्या दुसऱ्या भागात आलेख बघून मुळं शोधणं, इंटिग्रलची किंमत काढणं ही कामं यंत्रानंच करायची असतात. तिथे तोंडी हिशेब कामाला येत नाही.

आधी शिक्षकांना मेल करा. बऱ्याच वर्गांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीचा टीआय-८४ प्लस सीई असतो आणि फळ्यावर त्याचीच बटणं दाखवतात. कॅसिओ स्वस्त आहे, चांगलाही आहे, पण मग बटणं मुलांनी एकट्यानं शोधायची.

आता कान देऊन ऐका: यंत्रात 'सीएएस' (कॉम्प्युटर आल्जिब्रा सिस्टिम) असेल तर घेऊ नका, नावात ते लिहिलेलं असो वा नसो. हे यंत्र समीकरण अक्षरांसकट सोडवतं, म्हणून एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत त्याला बंदी आहे. टीआय-८९, एचपी प्राइम, टीआय-एनस्पायरचा सीएएसवाला, सगळे बाद. ओळखीतल्या एका बाबांनी "महाग तेच चांगलं" म्हणून नेमका तोच आणला. नियम वाचला परीक्षेच्या आदल्या रात्री. मुलीनं पेपर दिला तो उसन्या, हात न बसलेल्या यंत्रावर. सीएएस घेऊ नका. दुकानदार काहीही सांगो.

फक्त एसएटी या दुसऱ्या प्रवेश परीक्षेसाठी घेत असाल तर थांबा. परीक्षा आता संगणकावर असते आणि डेसमॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर त्यातच मिळतो.

जुना घ्यायला हरकत नाही. पिवळा मात्र नको. पिवळं कवच शाळांच्या मालकीच्या यंत्रांना असतं.

कोन डिग्रीत मोजायला लावलाय की रेडियनमध्ये, हे रोज तपासायचं. वजाबाकीचं आणि ऋण चिन्हाचं बटण वेगळं असतं.

आणि पोरगं त्यावर काहीतरी टाइप करत बसलं तर लगेच ओरडू नका. 'पीआरजीएम' बटणामागे टीआय-बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा आहे. वर्गसमीकरणाचा प्रोग्राम स्वतः लिहायचा तर डिस्क्रिमिनंट ऋण आला की काय करायचं, हे आधी स्वतःला कळावं लागतं. सीईमध्ये वापरायला जेमतेम १५४ केबी रॅम, तरी मुलं त्यात साप-खेळ बसवतात. सी किंवा असेम्ब्ली या भाषांकडे वळणार असतील तर ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करायच्या आधी दहादा विचार करा. कंपनीनं २०२० मध्ये ती वाट बंद केली, आणि नव्यावरून जुन्यावर सहज परतता येत नाही. २०२१ पासून पायथन असलेला सीई मिळतो. आज नवा घ्यायचा तर तोच घ्या.

काही शिक्षक चाचणीआधी मेमरी पुसायला लावतात. रॅममधला प्रोग्राम त्यात जातो आणि मग घरी रडारड. टीआय कनेक्ट सीई हे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका आणि प्रोग्रामची प्रत काढायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा.