ग्रेन दिसणाऱ्या कृष्णधवल फोटोवर अभिप्राय कसा द्यावा, कसा घ्यावा

लहान मुलाचा कृष्णधवल फोटो समोर आला आणि त्यात ग्रेन (बारीक दाणे; डिजिटल फोटोत त्यालाच नॉइज म्हणतात) दिसला, की कोणीतरी लगेच म्हणतं, "नॉइज काढून टाका." सोलापुरात आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी एकमेकांचे फोटो बघत बसतो. या एका सल्ल्यानं जेवढे चांगले फोटो बिघडलेले मी पाहिलेत, तेवढे दुसऱ्या कशानं नाहीत.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचा तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. नुसता पाठवला की फाईल दाबली जाते, बारीक दाणा एकमेकांत मिसळून गालावर चट्टे उठतात, आणि आपण त्या चट्ट्यांवरच बोलत बसतो. त्याहून बरं म्हणजे ८ बाय १२ इंचाचा प्रिंट काढून हातभर अंतरावर धरा. स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून दाणे मोजू नका. तेवढ्या जवळून कोणी मुलाचा चेहरा बघत नाही.

पहिलं वाक्य मुलाबद्दल बोला. ते कुठे बघतंय, जवळच्या डोळ्याच्या पापण्या सुट्या दिसतात का.

आता अवघड भाग: हा ग्रेन आला कुठून ते ओळखणं. इथे मी स्वतः वाईट चुकलोय. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, एका मित्रानं आपल्या चार वर्षांच्या मुलाचा फोटो काढला होता. अंगात पांढरी बाराबंदी, कपाळावर विभूती, मागे नंदीध्वजांची मिरवणूक, उजेड उतरत आलेला. मी म्हणालो, "नॉइज फार आहे, काढ." त्यानं सॉफ्टवेअरमधली नॉइज कमी करायची पट्टी शेवटपर्यंत ओढली. पुढच्या रविवारी फोटो आला तो मेणाच्या बाहुलीचा. गालावरची लव गेली, विभूतीत उमटलेले बोटांचे ठसेही गेले. आणि मूळ फाईलवरच त्यानं हे सेव्ह केलं होतं. तो फोटो परत मिळाला नाही, आणि त्याला कारण माझं वाक्य होतं.

खरं कारण बाराबंदीत होतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेवर आणू बघतो. फ्रेममध्ये पांढरं कापड भरपूर असलं की तो फोटो अंधारा करतो आणि सावळा चेहरा आणखी खाली जातो. मग संगणकावर चेहरा उजळला की सावलीतला नॉइजही त्याच्याबरोबर वर येतो. मी सांगायला हवं होतं ते एवढंच: पुढच्या वेळी एक्स्पोजर एक स्टॉप वाढव, म्हणजे दुप्पट उजेड घे, फक्त कापडाच्या चुण्या दिसत राहतील एवढं बघ.

म्हणून आधी बघा, दाणे सगळीकडे आहेत की फक्त काळोख्या भागात. काळोखातच असतील तर बहुधा कमी एक्स्पोजर. रंगीत फोटो कृष्णधवल करताना निळा चॅनल (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी निळा) जास्त घेतला असेल तरी त्वचा गडद आणि खरखरीत होते, कारण सहसा नॉइज निळ्यातच जास्त असतो; पिवळ्या बल्बच्या उजेडात तर हमखास. लाल थोडा वाढवून बघायला सांगा. फोटो फिल्मवर असेल तर आधी विचारा. ४०० ची ट्राय-एक्स किंवा एचपी५ ही कृष्णधवल फिल्म कोणी १६०० ला पुश केली असेल, म्हणजे १६०० ची समजून वापरून जास्त वेळ डेव्हलप केली असेल, तर तो दाणा त्यानं पत्करूनच घेतलेला आहे.

"आयएसओ कमी ठेवा" हा सल्ला मुलांच्या फोटोला देऊच नका. आयएसओ म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता; ती वाढवली की दाणेही वाढतात. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे उन्हामुळे खिडक्या-पडदे बंद असतात. त्या उजेडात १/३० सेकंदाच्या शटरला १६०० आयएसओ पुरत असेल, तर १/१२५ ला ६४०० लागणार. मूल स्थिर बसत नाही. हललेले डोळे कशानंच दुरुस्त होत नाहीत. ग्रेन असलेले धारदार डोळे चालतात. मी दर वेळी ग्रेनच निवडीन.

अभिप्राय घेताना फोटो दाखवण्याआधी एकच प्रश्न विचारा: नजर आधी डोळ्यांवर जाते की ग्रेनवर अडते? मग गप्प बसा, लिहून घ्या. आपल्याच मुलाचा फोटो असेल तर हे फार जड जातं. त्या दिवशीचं हसू आपल्याला आठवत असतं, समोरच्याला फक्त कागद दिसतो. मी माझ्या मुलीच्या फोटोवर तीनदा मध्येच बोललो, आणि तिन्ही वेळा लोकांनी पुढचं सांगणं थांबवलं. "छान आहे" एवढंच कोणी म्हणालं तर विचारा, चेहऱ्यावर नेमकं कुठे बघत होतात.

घरी आल्यावर आधी मूळ फाईलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मगच काय बदलायचं ते ठरवा.