भिंतीवरचं चित्र टिपताना सही आधी शोधा

वांद्र्याच्या चॅपल रोडवर चित्रं बघायला जायचं तर सकाळी लवकर जा. नंतर भिंतीला लागून गाड्या उभ्या राहतात आणि चित्राचा खालचा भाग झाकला जातो. नेमकी तिथेच, कोपऱ्यात, बहुतेकदा चित्रकाराची सही असते. तिचा जवळून वेगळा फोटो घ्याच. सही नसेल तर समोरच्या दुकानदाराला विचारा, चित्र रंगवताना त्याने पाहिलेलं असतं.

मग चित्राच्या बरोबर मध्यासमोर उभं राहून एक सरळ फोटो, आणि दुसरा थोडं मागे जाऊन, शेजारचं दार, दिव्याचा खांब, गल्लीची पाटी येईल असा. हा दुसरा मला जास्त मोलाचा वाटतो. भिंत पुन्हा रंगवली किंवा घर पाडलं, तर चित्र कुठे होतं हे त्यावरूनच कळतं. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. तारीख, गल्ली आणि चित्रकाराचं नाव तिथल्या तिथे लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की राहतंच.

पावसाळ्यानंतर त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा. पोपडे कुठून सुटायला लागले ते दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसतं.