संडे स्कूलचा शिक्षक घडवताना

चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी सूचना होते, "संडे स्कूलला, म्हणजे मुलांना बायबल शिकवणाऱ्या रविवारच्या वर्गाला, शिक्षक हवेत." दोन तरुण संकोचत हात वर करतात आणि पुढच्या रविवारी पाठाचे पुस्तक हातात देऊन त्यांना वीस मुलांसमोर उभे केले जाते. काही महिन्यांत ते येईनासे झाले की "आजच्या पिढीत आवेशच नाही" असे म्हणायला मंडळी मोकळी. शिकवायचे कसे, हे त्यांना दाखवलेले मात्र कुणीच नसते.

जाहीर आवाहन टाळा. पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि संडे स्कूल प्रमुख यांनी मिळून नावे काढावीत आणि एकेकाला भेटून विचारावे. किमान सहा महिने मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेला, नियमित असलेली आणि मुलांशी बोलताना त्यांचे ऐकून घेणारी व्यक्ती पाहा. भाषण चांगले करणारा माणूस वर्गात चालतोच असे नाही. बरेचदा तो मुलांना बोलूच देत नाही. कोणता वयोगट, एक वर्षाची मुदत, रविवारचा वेळ आणि आठवड्यात तयारीचे दोन-तीन तास हे सगळे पहिल्याच भेटीत सांगा. मुदत सांगितली नाही तर "आयुष्यभराचे गळ्यात पडेल" या भीतीने चांगली माणसे नकार देतात.

प्रशिक्षण बारा आठवड्यांचे ठेवा, आणि ते वर्गातच द्या. पहिले चार रविवार नव्या शिक्षकाने मागे बसून पाहायचे, पण प्रत्येक वेळी हातात एक काम घेऊन. पहिल्या रविवारी शिक्षकाने किती प्रश्न विचारले आणि उत्तरासाठी किती थांबला, एवढेच टिपायचे. दुसऱ्या रविवारी कोपऱ्यातल्या गप्प मुलावर लक्ष. तिसऱ्या रविवारी गोंगाट नेमका कधी सुरू होतो ते पाहायचे. तो बहुधा एका भागातून दुसऱ्या भागात जाताना, साहित्य वाटताना होतो. चौथ्या रविवारी फक्त घड्याळ. पुढचे चार आठवडे त्याने वर्गाचा एकच भाग घ्यावा: कधी बायबलमधल्या वचनाचे पाठांतर, कधी गोष्ट. शेवटचे चार आठवडे पूर्ण वर्ग त्याचा, अनुभवी शिक्षक मागे. मुले ऐकत नाहीत असे दिसले तरी मागच्याने उठून सूत्रे हाती घेऊ नयेत. एकदा तसे झाले की मुले नव्याला मोजत नाहीत.

तयारीची सवय हा सगळ्यांत कच्चा दुवा. शनिवारी रात्री पाठ उघडणारा शिक्षक रविवारी पुस्तकात बघून वाचतो. सोमवारी शास्त्रभाग बायबलमधूनच तीनदा वाचायचा, पाठाचे पुस्तक त्यानंतर. बुधवारपर्यंत पाठाचा गाभा एका वाक्यात लिहायचा. शुक्रवारी गोष्ट मोठ्याने, घड्याळ लावून सांगून पाहायची. शनिवार फक्त साहित्य गोळा करायला.

येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कय या जकातदाराचा पाठ घ्या, बायबलमधील लूक 19:1-10. घाईत तयारी केलेला शिक्षक हमखास सांगतो, "जक्कयाने पैसे परत केले, म्हणून येशू त्याच्या घरी गेला." शास्त्रात क्रम उलटा आहे. पाचव्या वचनात येशू स्वतःहून त्याच्या घरी उतरायचे म्हणतो; अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत, हे आठव्या वचनात येते. क्रम उलटला की कृपेचा पाठ "लबाडी करू नये" एवढ्यावर येऊन थांबतो. गाभ्याचे वाक्य असे लिहावे: "येशूने आधी जक्कयाला जवळ केले, मग जक्कय बदलला." जकातदारांचा लोकांना राग का, तर ते रोमी सत्तेसाठी कर वसूल करत आणि त्यात आपले खिसेही भरत. आणि चौपट का? बायबलच्याच निर्गम या पुस्तकात, 22:1 मध्ये, मेंढरू चोरून कापले किंवा विकले तर एकाला चार द्यायचा नियम आहे. दहा-बारा वर्षांची मुले हा आकडा दाखवला की कान टवकारतात.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना मात्र जकात नको, झाड हवे. गोष्ट सात मिनिटांत संपवा. रूपकात्मक बोलणे टाळा. "येशू हृदयात राहतो" म्हटले की लहान मूल तो आत मावतो कसा, याच विचारात अडकते.

पंचेचाळीस मिनिटांच्या वर्गात सात ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी पाच मिनिटे स्वागत व हजेरी, पाच गीत, दहा गोष्ट, दहा प्रश्नोत्तरे, दहा हस्तकला किंवा नाट्य, पाच वचन आणि प्रार्थना. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजावेत. शांतता असह्य होऊन शिक्षक स्वतःच उत्तर देतो आणि मग मुले उत्तर द्यायच्या फंदात पडत नाहीत. "जक्कय कुठे चढला?" हा प्रश्न एकदाच पुरे. "लोक कुरकुर का करत होते?" यावर थांबा. प्रत्येक प्रश्नाला "येशू" असे उत्तर येऊ लागले तर प्रश्न बदलायची वेळ आली आहे.

वचन पाठ करून घेताना ते फळ्यावर लिहा, सर्वांनी म्हटले की दोन शब्द पुसा, पुन्हा म्हणायला लावा. पाच-सहा फेऱ्यांत फळा कोरा होतो. वचनाचा संदर्भ (पुस्तक, अध्याय, वचन क्रमांक) मात्र शेवटपर्यंत ठेवा, तोच आधी विसरला जातो.

प्रत्येक वर्गाला झाकणाची एक पेटी द्या: हजेरीपट, दोन बायबल, जाड रंगखडू, बोथट टोकाच्या कात्र्या, गोंद, कोरे कागद, खडू-डस्टर, प्रथमोपचाराचे साहित्य. पेटीची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी, नाहीतर कात्र्या महिन्याभरात गायब.

सुरक्षिततेत सूट नाही. वर्गात कायम दोन मोठी माणसे, शक्यतो एकाच घरातली नसलेली; दार उघडे किंवा काचेचे. नव्या माणसाला वर्ग देण्याआधी त्याला ओळखणाऱ्या दोघांकडे चौकशी करा, तो पाळकांचा नातेवाईक असला तरी. लहान मूल न्यायला कोण येणार हे हजेरीपटावर लिहिलेले असावे. पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितले तर शांतपणे ऐका, गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नका, उलटतपासणी करू नका, त्याचेच शब्द लिहून त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला कळवा. प्रकरण मंडळीतच मिटवायचा प्रयत्न करू नका; ते कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे गेले पाहिजे.

वर्गानंतर अनुभवी शिक्षकाने नव्याशी दहा मिनिटे बोलावे, मुलांच्या देखत नव्हे. एक जमलेली गोष्ट नेमकी सांगायची आणि बदलायची एकच. पाच चुका एकदम ऐकलेला माणूस घरी जाऊन राजीनामाच लिहितो. महिन्यातून एकदा सर्व शिक्षकांनी दीड तास बसून पुढचे चार पाठ एकत्र वाचावेत. दर दोन वर्गांमागे एक बदली शिक्षक तयार ठेवा, म्हणजे प्रत्येकाला महिन्यातून एक रविवार उपासनेत बसता येईल. बाराव्या आठवड्यानंतर स्पष्ट विचारा, "वर्ग घेणार का?" नाही म्हणणाऱ्याला हजेरी, गीते किंवा साहित्याची पेटी द्या, पेटी सांभाळायलाही माणूस लागतोच.