‘यात सोपं काय आहे, सर?’ एअर रायफलच्या प्रकारांची तुलना करताना या चुका टाळा

रेंजवर नवीन माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, फी किती. दुसरा ठरलेला, "सर, यात सोपं काय आहे?" दुसऱ्या प्रश्नामागे बहुतेक वेळा दहावीचे क्रीडागुण असतात. पूर्वी मला राग यायचा. आता मी त्यांना बाकावर बसवतो आणि अर्धा तास नुसतं बघायला सांगतो. निम्मे चहा प्यायला म्हणून बाहेर जातात ते परत येत नाहीत. उरलेल्यांसाठी हे लिहितोय, कारण त्याच त्या चुका ऐकून कान किटले आहेत.

स्कोअरच्या आकड्यांची कुस्ती लावणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. एक वडील मोबाईल नाचवत आले. मुलाने सरावात 612 मारले होते. "सर, अभिनव बिंद्राने बीजिंग ऑलिंपिकला 596 मारले होते, मी नेटवर बघितलं. आमचा त्याच्या पुढे गेला की!" मुलगा शेजारी लाजून लाल झाला होता. पोराला कळलं होतं, बापाला नाही.

2008 मध्ये पात्रता फेरी पूर्णांकात मोजत. 60 शॉट, जास्तीत जास्त 600. बिंद्राचे 596 म्हणजे 60 पैकी किमान 56 दहा. नंतर फायनलचे 104.5 मिळून 700.5 आणि सुवर्ण. 2013 पासून एअर रायफलची पात्रता दशांशात मोजतात, एक शॉट 10.9 पर्यंत जातो आणि कमाल स्कोअर 654 होतो. त्या मुलाचे 612 जुन्या पद्धतीने मोजले तर साधारण 585 भरतील. चांगलंच आहे, पण बिंद्रा नाही.

मुलींच्या बाबतीत गोंधळ आणखी एका पायरीने वाढतो. 2017 पर्यंत त्यांना 40 शॉट असायचे, आता 60. नेमबाज सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये क्वालालंपूरला 400 पैकी 400 मारले होते. म्हणजे चाळीसच्या चाळीस दहा, एकही नऊ नाही. आजच्या 620 शेजारी तो आकडा बुटका दिसतो म्हणून कुणी नाक मुरडलं, तर मी त्याला रेंजबाहेर काढतो. खरंच काढतो.

स्कोअर बाजूला ठेवून मी मिलिमीटर बघतो. एअर रायफल दहा मीटरवरून मारतात. तिच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, पेलेट (छर्रा) साडेचार मिलिमीटरचं. पेलेटची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचं केंद्र 5 मिलिमीटरच्या वर्तुळात हवं. त्याच अंतरावर पिस्तूलचं दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर, तिथे केंद्राला 16 मिलिमीटर जागा मिळते. हे ऐकून लोक लगेच म्हणतात, "मग पिस्तूल सोपं!" अहो, ते एका हाताने धरायचं असतं. ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा. जॅकेट नाही, गालाला टेकू नाही. ज्याला वाटतं त्याने भरलेला तांब्या हात लांब करून एक मिनिट धरून बघावा.

पन्नास मीटर म्हणजे पाचपट अवघड

ऑगस्ट 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (उभं, गुडघ्यावर आणि पालथं पडून मारायचा प्रकार) कांस्य मिळालं आणि आठवडाभर फोन थांबला नाही. सगळ्यांना एकदम थ्री पोझिशन हवं होतं. त्यातल्या निम्म्यांना ते अशक्य वाटत होतं आणि निम्म्यांना दहा मीटर हे पोरखेळ वाटत होतं.

हिशेब करा. पन्नास मीटरला दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर, गोळी 5.6 मिलिमीटर. केंद्राला 16 मिलिमीटर जागा. ती दहा मीटरवर आणून मोजली तर 3.2 मिलिमीटर होते. आपल्याकडे आहे 5. म्हणजे उभ्याने मारताना साधारण दीडपट घट्ट, पाचपट नव्हे. वर वारा आहे, तो वेगळा. उलट गुडघ्यावर आणि पालथं पडून मारताना स्लिंग (रायफल हाताला बांधायचा पट्टा) वापरता येतो, जो दहा मीटरला मिळत नाही. त्यात ती .22 बोअरची रायफल, परवान्याचा व्याप निराळाच. दहा मीटरवर उभं राहायला शिकलात तर पुढच्या तीनपैकी एक पोझिशन फुकटात हातात येते. हे मी पोरांना पटवतो. पालकांना पटवणं माझ्याने होत नाही.

‘टेबलावर टेकवून तर कुणीही मारेल’

हे वाक्य मी स्वतः बोललो आहे, त्यामुळे कबुली देणं भाग आहे. आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत, एसटीतून निवृत्त झालेले. शेतात मातीच्या बांधासमोर त्यांनी 25 मीटरची बेंचरेस्टची लेन केली आहे. टेबल, वाळूच्या पिशव्या, दुर्बीण लावलेली रायफल आणि एका कागदावर 25 लहान लहान टार्गेटं. प्रत्येकावर मोजणीचा एकच शॉट, कमाल 250. मी आयुष्यभर उभ्याने मारणारा. म्हटलं, बूड टेकवून बसायचं, यात खेळ तो काय?

पहिले पाच मस्त गेले. सकाळची वेळ, उसाचं पान हलत नव्हतं. सहावा डावीकडे गेला. मी दुर्बिणीचं बटण दोन क्लिक फिरवलं. सातवा उजवीकडे. पुन्हा क्लिक. आठवा कुठे गेला ते मी इथे लिहिणार नाही. दहाव्यापर्यंत मी रायफलला, पेलेटच्या डबीला आणि मनातल्या मनात अण्णांच्या टेबलालाही शिव्या घातल्या होत्या. अण्णा मागे खुर्ची टाकून शेंगा सोलत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, रायफल सोडा, तो धागा बघा की." वाटेत तीन काठ्यांना लोकरीचे धागे बांधले होते. मला ते सजावट वाटले होते. जवळचा धागा उजवीकडे उडत होता, बांधाजवळचा डावीकडे.

मग त्यांनी मारायला घेतलं. एका शॉटसाठी दोन दोन मिनिटं नुसते बसून. "वारं थांबत नाही. पण परत तसंच येतं. तसं आलं की मारायचं." त्यांचा 243 झाला. माझा विचारू नका.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. दुसऱ्याच्या प्रकाराबद्दल बोलायच्या आधी त्यातले वीस शॉट मारायचे. दहा मीटरला अडचण शरीरात असते: कंबर, श्वास, बोट. रेंज बंदिस्त, वारा शून्य. बेंचरेस्टमध्ये शरीराची अडचण टेबलाने उचललेली असते, सगळी अडचण हवेत. इंग्लंडात वाढलेल्या फील्ड टार्गेटमध्ये तर ती अंतरात असते. धातूचं पाडायचं टार्गेट, त्यात काही सेंटिमीटरचं भोक, अंतर साधारण आठपासून पन्नास मीटरपर्यंत काहीही, आणि ते कुणी सांगत नाही. दुर्बिणीचा फोकस फिरवून आपणच ओळखायचं. चुकलं तर पेलेट वर किंवा खाली, मग नेम कितीही स्थिर असो.

ओपन साईटवरून पीप साईटवर उडी

‘ओपन साईट बच्चेकंपनीसाठी, पीप साईट खऱ्या नेमबाजांसाठी’ असं कुणीतरी पसरवलं आहे. डोळ्याच्या दृष्टीने उलट आहे. ओपन साईटमध्ये मागची खाच, पुढचा खांब आणि टार्गेट अशा तीन गोष्टी, आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट बघू शकतो. पीपमध्ये बारीक भोकातून बघताना सगळं बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं आणि वर्तुळात वर्तुळ बसवायला डोळा आपोआप शिकतो. अवघड आहे ते दुसरीकडे. आता 5.5 किलोपर्यंतची रायफल, कडक जॅकेट, आणि ट्रिगर इतका हलका की बोट नुसतं टेकलं तरी सुटतो.

ओपनला उत्तम मारणारी एक मुलगी पीपवर आली आणि तीन आठवडे रडली. घरच्यांनी एकाच महिन्यात रायफल, जॅकेट, बूट, पँट सगळं नवं घेतलं होतं. मग काय बिघडलंय ते शोधणार कसं? मी सगळं काढायला लावलं. जुने बूट, साधी पँट, जॅकेट तेवढं ठेवलं. टार्गेट काढून कोरा कागद लावला आणि दोन आठवडे फक्त ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न भरता सराव. चौथ्या दिवशी कळलं की गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो. चीकपीस (गाल टेकवायचा भाग) दोन मिलिमीटर वर घेतला, बाकी काही केलं नाही. एका वेळी एकच वस्तू बदला. महागडं सामान घेऊ नका असं म्हणत नाही, एकत्र घेऊ नका.

थोडक्यात आवरायच्या चुका

दहा शॉटच्या चांगल्या सिरीजला सहाने गुणू नका. मॅच 75 मिनिटांची असते, पाय पन्नासाव्या शॉटला बोलायला लागतात.

दोन प्रकारांची तुलना करताना पेलेट तरी एकाच डबीतलं वापरा.

आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्या. कुठल्याही उभ्याच्या प्रकारात. ‘आता आलाच होता’ म्हणून धरून ठेवलेला शॉट आठवर जातो, हे मी एवढ्या वेळा बघितलंय की आवाजावरून सांगतो.

एका वर्षात तीन प्रकार बदलू नका. यावर चर्चा नाही.

आणि ते 612 वाले वडील? गेल्या महिन्यात ते स्वतः ओपन साईट घेऊन लेनवर उभे राहिले. पहिले दहा शॉट मारून झाल्यावर कागद घडी करून खिशात घातला, मला दाखवला नाही. मुलगा मात्र मागे उभा राहून हळूच मोजत होता.