इंग्लंडमध्ये काउन्सिलला पिटिशन देताना या चुका टाळा

शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग हवं म्हणून आम्ही काही पालकांनी पिटिशन, म्हणजे सह्यांचं निवेदन, काढून तीन आठवडे दारोदार फिरून सह्या जमवल्या. काउन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेनं, त्यातल्या निम्म्याहून जास्त मोजल्याच नाहीत. मागणी फक्त पहिल्या पानावर होती आणि पुढच्या पानांवर नुसती नावं. सही करणाऱ्यानं कशाला पाठिंबा दिला, हे त्या पानांवरून कळत नव्हतं. फार वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून प्रत्येक पानावर मागणी छापा आणि नावापुढे पोस्टकोड घ्या. बहुतेक ठिकाणी त्या भागात राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्यांच्याच सह्या धरतात. दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकांच्या सह्या मोजणीत गळतात.

त्याहून महागात पडतं ते चुकीच्या दारात जाणं. जिथे काउंटी (मोठ्या भागाची) आणि डिस्ट्रिक्ट (त्यातल्या छोट्या भागाची) अशा दोन काउन्सिल आहेत, तिथे रस्ते, शाळा आणि वाचनालयं काउंटीकडे असतात. कचरा उचलणं आणि घरबांधणीच्या परवानग्या डिस्ट्रिक्टकडे. मोटरवे नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीचे, लंडनमधले रेड रूट (लाल रेषांचे, गाडी थांबवायला बंदी असलेले मुख्य रस्ते) ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या वाहतूक संस्थेचे. काही जण तर गल्लीतला प्रश्न संसदेच्या पिटिशन साइटवर टाकतात. तिथे १०,००० सह्यांवर सरकार उत्तर देतं आणि १,००,००० झाल्या की चर्चेचा विचार होतो, पण स्थानिक काउन्सिलच्या अखत्यारीतला विषय तिथे नाकारला जातो.

आता मागणीचे शब्द. ‘वाहतुकीचं काहीतरी करा’ असं लिहिलंत तर ‘आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत’ असं उत्तर येईल आणि विषय तिथेच संपेल. क्रॉसिंगचा निर्णय घेताना अधिकारी पादचारी आणि गाड्यांची मोजणी, तिथे झालेले अपघात हे सगळं बघतात. तेव्हा मागणीही तशीच करा: ‘अमुक रस्त्यावर शाळेच्या फाटकापाशी, शाळा भरताना आणि सुटताना मोजणी करावी आणि अहवाल संबंधित समितीपुढे ठेवावा.’ याला हो किंवा नाही असंच उत्तर द्यावं लागतं. पार्किंगबंदीचंही तसंच. डबल यलो लाइनसाठी (रस्त्याकडेच्या, पार्किंगबंदी दाखवणाऱ्या दोन पिवळ्या रेषांसाठी) १९८४च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली ट्रॅफिक ऑर्डर, म्हणजे वाहतुकीचा कायदेशीर आदेश, काढावा लागतो, त्याआधी नोटीस लागते आणि हरकतींसाठी २१ दिवस द्यावे लागतात. पिटिशननं रेषा आखल्या जात नाहीत, फार तर ही प्रक्रिया सुरू होते. म्हणून ‘प्रक्रिया सुरू करा’ असंच मागा.

बांधकामाच्या अर्जाविरुद्ध पिटिशन काढण्याआधी मात्र थांबा. तिथे हरकतींची मुदत साधारण २१ दिवसांची असते आणि सह्या गोळा करण्यातच ती निघून जाते. शिवाय अनेक ठिकाणी तीनशे सह्यांची पिटिशन एकच हरकत म्हणून नोंदली जाते. त्यापेक्षा दहा शेजाऱ्यांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली दहा पत्रं बरी. त्यांत उजेड, खासगीपणा, रहदारी यांबद्दल लिहा. घराची किंमत घसरेल किंवा खिडकीतलं दृश्य जाईल, हे मुद्दे विचारात घेतले जात नाहीत.

नियम सगळीकडे सारखे असतील असंही धरून चालू नका. २००९च्या कायद्यानं पिटिशन योजना (पिटिशन कशी घ्यायची, याचे लेखी नियम) काउन्सिलांना सक्तीची केली होती, २०११च्या लोकॅलिझम अॅक्टनं ती सक्ती काढली. आता इंग्लंडमधली प्रत्येक काउन्सिल आपले नियम ठरवते. सभेत चर्चा व्हायला कुठे काही शे सह्या लागतात, कुठे काही हजार. काउन्सिलमध्ये निर्णय कोण घेतं, ही कारभाराची पद्धतच बदलायची असेल तर गोष्ट वेगळी: ५ टक्के नोंदणीकृत मतदारांच्या सह्या झाल्या की काउन्सिलला सार्वमत घ्यावंच लागतं. शेफील्डमध्ये २०२१ साली अशाच पिटिशनमधून सार्वमत झालं आणि तिथे मोजक्या सदस्यांच्या कॅबिनेटऐवजी समित्यांनी निर्णय घेण्याची पद्धत आली.

पिटिशन दिली की काम झालं, असं समजून लोक घरी बसतात, याचं मला सर्वांत वाईट वाटतं. सभेत बोलायला बहुधा पाचच मिनिटं मिळतात आणि चर्चाही पंधरा मिनिटांत आटोपते. त्यामुळे वॉर्डच्या काउन्सिलरला (निवडून आलेल्या सदस्याला) आधीच भेटून ठेवा. मे महिन्यातल्या निवडणुकांच्या तोंडावर पिटिशन देऊ नका, अनेक काउन्सिल ती निवडणूक होईपर्यंत बाजूला ठेवतात. ‘विषय कॅबिनेट सदस्याकडे पाठवला’ असं उत्तर आलं तर निर्णयाची तारीख लेखी मागा. नकार आला तर माहिती अधिकारात मोजणीचे आकडे मागा. २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ओम्बुड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे) मात्र निर्णय आवडला नाही म्हणून जाता येत नाही. कामाच्या पद्धतीत चूक झाली असेल तरच जा, तेही आधी काउन्सिलकडे रीतसर तक्रार करून आणि साधारण १२ महिन्यांच्या आत.