नाकाच्या पडद्याची शस्त्रक्रिया आणि शेंड्याचा आधार : या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत ‘नाकाचे हाड वाढले आहे, ते कापून टाकायचे’ असे सर्रास म्हटले जाते आणि पहिली चूक तिथेच होते. बहुतेकदा वाढलेले काही नसते. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असतो आणि त्याचा पुढचा भाग हाडाचा नसून कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारख्या लवचीक ऊतीचा असतो. या कूर्चेची पुढची कड शेंड्यातील कूर्चांशी तंतूंनी जोडलेली असते आणि शेंडा तोलून धरणाऱ्या मुख्य आधारांपैकी ही जोडणी एक आहे. त्यामुळे जितके जास्त कापावे तितका श्वास मोकळा, हे गणित चुकते. नाकाच्या दांडीखाली आणि पुढच्या कडेला निदान एक सेंटिमीटर रुंदीची, काटकोनात वळणारी पट्टी राखावीच लागते. ती फार अरुंद झाली किंवा तुटली, तर शेंडा झुकतो, त्याच्या वरचा भाग खचतो आणि ज्यासाठी ऑपरेशन केले तो श्वासच पुन्हा अडू शकतो.

बाक नेमका कुठे आहे, हे आधी न विचारणे ही दुसरी चूक. मागच्या भागातला बाक काढताना शेंड्याला सहसा बाधा येत नाही. पुढच्या कडेचे काम मात्र नाजूक असते : एकाच बाजूने छेद घेतला तर जोडणी बरीचशी शाबूत राहते, आरपार छेदाने ती सुटते आणि टाक्यांनी पुन्हा बांधावी लागते. शेंडा आधीच झुकलेला असेल, दाबल्यावर उसळून वर येत नसेल किंवा नाकाला जुना मार असेल, तर ‘हे फक्त श्वासाचे ऑपरेशन आहे’ एवढे उत्तर पुरेसे मानू नये. बाजूने व खालून काढलेले आधीचे फोटो जवळ असावेत; नंतर आठवणीवर विसंबता येत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे शेंडा सुजलेला वा बधिर वाटतो, म्हणून आरशात पाहून लगेच निकाल लावू नये. मात्र दोन्ही नाकपुड्या पूर्ण बंद होणे, वाढती ठणक आणि ताप यांना साधी सूज समजून घरी थांबू नये. पडद्यात रक्त साठले की कूर्चा तिला पोसणाऱ्या आवरणापासून सुटते आणि काही दिवसांत मरू लागते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात धरणाऱ्या खपल्या बोटाने न काढता सांगितलेल्या मिठाच्या पाण्याने भिजवाव्यात. ऑपरेशन नुकतेच झाले असेल, तर राजवाड्याच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, त्या वर्षी जाऊ नये. त्या गर्दीत एखादे कोपर नाकावर बसायला वेळ लागत नाही.