ट्यूब स्क्रीमरमध्ये ऑप-अँप बदलताना: टोन, गेन आणि चिपचा खरा वाटा

ट्यूब स्क्रीमर हे गिटारचं ओव्हरड्राइव्ह पेडल. त्यातला आयसी, म्हणजे सिग्नल वाढवणारी ऑप-अँप चिप, बदलला की पेडलचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) वाढतो, ही समजूत आधी बाजूला ठेवा. ट्यूब स्क्रीमर घराण्याच्या सर्किटमध्ये गेन ठरवतात ते रेझिस्टर. फीडबॅकमध्ये (आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेवर) ५१ के (किलोओहम) आणि त्याच्या जोडीला ५०० के चा ड्राइव्ह पॉट (नॉबने बदलणारा रेझिस्टर), ग्राउंडकडे ४.७ के आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ड्राइव्ह शून्यावर गेन सुमारे १२ पट, म्हणजे २१.५ डीबी. पूर्ण फिरवला की ११८ पट, म्हणजे ४१.५ डीबी. बेसमध्ये (चिप ज्यात बसते त्या सॉकेटमध्ये) ४५५८ चिप असो वा ओपीए२१३४, हे आकडे तेच राहतात.

चिपला एवढंच करायचं असतं: या गेनला पुरं पडायचं. ४५५८ चा गेन-बँडविड्थ गुणाकार सुमारे ३ मेगाहर्ट्झ; त्याला ११८ ने भागलं तर २५ किलोहर्ट्झ येतात, म्हणजे साधारण तिथपर्यंत चिप गेनला पुरी पडते. गिटारचा स्पीकर ५-६ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, आणि फीडबॅकमधला ५१ पीएफ चा कपॅसिटर पूर्ण ड्राइव्हवर ५.७ किलोहर्ट्झपासूनच वरचा भाग कापायला लागतो. स्ल्यू रेटचंही (आउटपुट किती वेगाने बदलू शकतं त्याचंही) तसंच. ४५५८ चा सुमारे १ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, टीएल०७२ चा १३. पण आवाज फोडणारे क्लिपिंग डायोड आउटपुटला दोन्ही बाजूंना अर्ध्या-पाऊण व्होल्टवर धरून ठेवतात, आणि तेवढं अंतर ४५५८ सुद्धा दीडएक मायक्रोसेकंदात कापतो.

याउलट पॉटकडे बघा. ५०० के च्या पॉटला २० टक्के टॉलरन्स चालतो, म्हणजे हातात येणारा नग ४०० के चा असेल किंवा ६०० के चा. पहिल्यात कमाल गेन ९७ पट, दुसऱ्यात १३९ पट. फरक जवळजवळ ३ डीबी! म्हणून दोन वेगळी पेडलं शेजारी ठेवून चिपची तुलना करूच नका. टीएस८०८ आणि टीएस९ या ट्यूब स्क्रीमरच्या दोन मॉडेलांमधला फरकही बऱ्याचदा चिपच्या नावावर खपवला जातो, पण त्यांच्या आउटपुटचे रेझिस्टरच वेगळे आहेत: ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० के, ९ मध्ये ४७० ओहम आणि १०० के.

तेव्हा तुलना करायची ती एकाच बोर्डावर, आयसी बेस लावून. सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, वाशी-नेरूळकडून कुर्ला-दादर करत. रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. ८ पिनचा राउंड पिन बेस, ४५५८, टीएल०७२, एनई५५३२, एलएम३५८ प्रत्येकी दोन नग, १०४ नंबरचे (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर, १ के आणि १०० के रेझिस्टर एवढं पुरे. 'डीआयपी' (लांब पायांची, बेसमध्ये बसणारी चिप) असं स्पष्ट सांगून मागा, नाहीतर बोर्डावर चिकटवायचा एसएमडी हाती पडेल. टीएल०७१ आणि टीएल०७२ यांत गल्लत नको: पहिल्यात एक ऑप-अँप, दुसऱ्यात दोन, आणि पिना जुळत नाहीत.

नकली आणि पुन्हा छापलेल्या चिप बाजारात भरपूर आहेत. त्या ओळखायची सोपी खूण म्हणजे करंट. पेडलच्या ९ व्होल्ट लाइनमध्ये मल्टिमीटर मिलीअँपवर लावा, एकदा बेस रिकामा ठेवून मोजा, एकदा चिप बसवून. दोन्हींतला फरक चिपचा. एलएम३५८ एक मिलीअँपच्या आत राहतो, ४५५८ आणि टीएल०७२ दोन ते चारच्या आसपास, एनई५५३२ आणि ओपीए२१३४ आठच्या आसपास. महागड्या 'ओपीए२१३४' ने दोनच मिलीअँप घेतले तर ती दुसरीच कुठली तरी चिप आहे.

जुना आयसी काढताना आधी त्याचे पाय कटरने तोडा आणि एकेक पाय वेगळा काढा. अख्खा आयसी उपसायला गेलात तर ट्रॅक उचलला जातो. बेसची खाच बोर्डावरच्या खुणेशी जुळवा. आत उंची किती आहे तेही बघा. बेस आणि चिप मिळून सुमारे एक सेंटिमीटर होतात आणि लहान डब्यात मागचं झाकण टेकतं. चिप बसवल्यावर पिन ८ वर जवळपास ९ व्होल्ट, पिन ४ वर शून्य, बाकी सहा पिनांवर साडेचारच्या आसपास दिसायला हवेत. एखादी पिन वर किंवा खाली चिकटली असेल तर पुढे जाऊ नका. चिप बदलताना पॉवर काढायचीच.

गेन मोजायचा असेल तर क्लिपिंग डायोडचा एकेक पाय उचला. ते जागेवर असताना पूर्ण ड्राइव्हवर दोन मिलीव्होल्टच्या इनपुटलासुद्धा आउटपुट दाबायला लागतात, मग आकडा चिपचा की डायोडचा ते कळत नाही. इनपुटला १०० के आणि १ के चा डिव्हायडर (व्होल्टेज शंभरएक पट कमी करणारी जोडी) करून १ किलोहर्ट्झची साइन सुमारे १० मिलीव्होल्टवर आणा आणि क्लिपिंग स्टेजचं आउटपुट मोजा. उत्तर ११८ पट येणार नाही, ९४ च्या आसपास येईल, कारण १ किलोहर्ट्झला ०.०४७ चा अडथळा अजून बाकी असतो. स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते, तो इथे निरुपयोगी. ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) किंवा ऑसिलोस्कोप वापरा.

आता कानांची परीक्षा. गिटार थेट इंटरफेसमध्ये ३० सेकंद रेकॉर्ड करा: एक स्वच्छ कॉर्ड, एक पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेला सूर), एक लांब सोडलेला सूर. तेच रेकॉर्डिंग, आवाज गिटारइतका कमी करून, प्रत्येक चिपसाठी पेडलमधून पाठवा. नॉबवर टेप लावा, हलता कामा नयेत. मग सगळ्या फाइल अर्ध्या डीबीच्या आत समान पातळीवर आणा. ही पायरी टाळली तर बाकी मेहनत वाया जाते. घोडबंदर किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये रात्री ॲम्प हळूच ठेवावा लागतो. हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही कमी भासतात, आणि किंचित मोठी फाइल लगेच 'जास्त खुली' वाटते. मित्राला फाइलींची नावं बदलायला सांगा आणि दोन चिपमध्ये दहा फेऱ्या ओळखा. नऊ किंवा दहा बरोबर आल्या तरच फरक खरा; नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता एक टक्का आहे.

समान पातळीवर ४५५८ आणि टीएल०७२ ओळखणं फार कठीण जातं. टीएल०७२ मध्ये हिस किंचित जास्त (१८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ). एनई५५३२ चा हा हिसचा आकडा ५ असूनही पेडल तेवढं शांत होत नाही, कारण ४.७ के रेझिस्टर स्वतःच सुमारे ९ देतो. एलएम३५८ मात्र कळतो: सूर विरताना क्रॉसओव्हरची खरखर येते.

नवी, वेगवान चिप बसवल्यावर शिट्टी, अचानक तुटणारा सूर किंवा गरम आयसी आढळला तर ते ऑसिलेशन, म्हणजे चिप आपोआप कंप पावू लागली आहे. पिन ४ आणि ८ मध्ये, बेसच्या अगदी खाली, १०४ लावा. बहुतेक वेळा तिथेच थांबतं.

चिपचा खरा प्रभाव ऐकायचा तर रॅट हे दुसरं डिस्टॉर्शन पेडल घ्या. तिथे कमाल गेन २३०० पट, म्हणजे ६७ डीबी. त्यातल्या एलएम३०८ चिपचा स्ल्यू रेट जेमतेम ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, आणि या गेनला त्याची बँडविड्थ काहीशे हर्ट्झवर येते. तो जाड, गोल आवाज तिथून येतो. टीएल०७१ बसवला तर ३ मेगाहर्ट्झ भागिले २३००, म्हणजे १.३ किलोहर्ट्झ. लगेच धारदार होतो.

ट्यूब स्क्रीमरमध्ये गेन हवाच असेल तर ४.७ के च्या जागी २.२ के लावा: कमाल २५१ पट, ४८ डीबी. पण त्याबरोबर ०.०४७ च्या जागी ०.१ मायक्रोफॅरडही घाला, नाहीतर बास कटऑफ ७२० वरून १५०० हर्ट्झच्या पुढे सरकतो आणि आवाज पातळ होतो. ४.७ के तसाच ठेवून नुसता ०.१ लावला तर कटऑफ ३४० हर्ट्झवर येतो, म्हणजे बास भरतो.

खाडीकाठच्या दमट हवेत बेसच्या पिना काळवंडतात. पावसाळ्यात पेडल मध्येच खरखरलं तर चिपला दोष देण्याआधी ती काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि दोन-तीनदा बसवून-काढून बघा.